परदेशी टपाल आणि पूरक आहार

बेळगाव, निपाणी परिसरातून शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्यांना घरून जाणाऱ्या पार्सलात च्यवनप्राश, अश्वगंधा चूर्ण, शतावरी कल्प हटकून असतात. येथे सहज मिळणारी ही वस्तू तिकडे अन्न ठरते की औषध, यावर पार्सलचे भवितव्य अवलंबून असते.

जर्मनीत याचा प्रत्यय विशेष येतो. पूरक आहार म्हणून पाठविलेली वस्तू तेथील सीमाशुल्क अधिकारी औषधात धरू शकतात आणि युरोपीय संघाबाहेरून टपालाने औषधे मागविण्यास खासगी व्यक्तीला तेथे सामान्यतः मनाई आहे. प्रवाशाने स्वतःच्या गरजेपुरती सोबत नेणे मात्र चालते. तेव्हा सुटीत आलेल्या मुलाच्या बॅगेत देणे बरे. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये पूरक आहारातील अश्वगंधेवर बंदीच घातली. तुपालाही संघात खासगी टपालाने प्रवेश नाही, मग ते घरी कढविलेले का असेना.

टपाल कार्यालयातील सीएन २३ या सीमाशुल्क अर्जावर प्रत्येक वस्तूचे नाव, वजन व किंमत लिहावी लागते. ‘घरगुती सामान’ एवढे मोघम लिहून भागत नाही.

भस्मयुक्त गोळ्यांविषयीची धास्ती निराधार नाही. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. परदेशी असलेल्या गर्भवती लेकीला अशा गोळ्या तिच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून धाडू नयेत. शिसे गर्भापर्यंत पोहोचते.