इंधन : एक मिनिट

६ जून १९८३. पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून दूर, अटलांटिक महासागर.

उड्डाण
ब्रिटिश विमानवाहू नौका ‘इलस्ट्रिअस’वरून दोन सी हॅरिअर झेपावतात. नाटोचा सराव आहे. फ्रेंच विमानवाहू ‘फॉश’ हुडकून काढायची. एका विमानात सब-लेफ्टनंट इअन वॉटसन, वय २५. त्याचं प्रशिक्षण तीन चतुर्थांशच झालंय. हुकूम : रडार बंद, रेडिओही बंद.

परतीची वेळ
ठरल्या जागी जोडीदार दिसत नाही. वॉटसन रेडिओ लावतो. तो चालत नाही. दिशादर्शक यंत्रणेनंही दगा दिलाय. रडार लावलं, तरी ‘इलस्ट्रिअस’चा पत्ता नाही.

आता इंधनाचा काटा हेच घड्याळ. उभं उतरताना हॅरिअरला पंखांचा आधार नसतो. सगळा भार इंजिनाच्या खाली वळवलेल्या झोतांवर. विमानाचं वजन त्या जोरापेक्षा कमी हवंच. म्हणजे परतताना टाकी बरीचशी रिकामी असणं ही या विमानाची गरजच आहे. उष्ण हवेत जोर आणखी घटतो. मग इंजिनात पाणी फवारायचं. ते पुरतं जेमतेम दीड मिनिट. त्याच वर्षी डिसेंबरात आपली पहिली सी हॅरिअर गोव्यात दाबोळीला आली. आपल्या वैमानिकांना हाच हिशेब अरबी समुद्रावरच्या दमट उष्म्यात मांडायचा होता. धावपट्टी लागत नाही म्हणून या विमानाचं कौतुक होतं, ते रास्तच. पण जहाज वेळेत सापडलं नाही, तर ती कला काय कामाची?

काही मिनिटांचं इंधन
वॉटसन जहाजांच्या नेहमीच्या वाटेकडे वळतो. रडारवर एक ठिपका उमटतो. स्पॅनिश मालवाहू ‘अलरायगो’. बेत असा, की जवळून जाऊन खलाशांचं लक्ष वेधायचं आणि आसनासकट बाहेर उडी घ्यायची. तेवढ्यात त्याला कंटेनरांची सपाट छपरं दिसतात. उभं उतरण्याच्या सरावाच्या चौथऱ्याएवढी जागा!

सुमारे एक मिनिटाचं इंधन
चाकं कंटेनरवर टेकतात. विमान थांबत नाही, मागे घसरू लागतं. कंटेनरवरून मागचा भाग खाली जातो आणि डेकवरच्या एका व्हॅनवर आदळून अडतो. नाक वर, शेपूट व्हॅनवर. वॉटसन सुखरूप.

चार दिवसांनी
‘अलरायगो’ आपली वाट न सोडता विमानासकट तेनेरिफला पोचते. पुढे जहाजाचे मालक आणि खलाशी यांना ५,७०,००० पौंड भरपाई मिळते.

चौकशीत वॉटसनच्या अननुभवावर बोट ठेवलं गेलं. वरिष्ठांनाही ठपका बसला : रेडिओची तक्रार असलेलं, पुरती तयारी न झालेलं विमान त्याच्या हाती दिलं म्हणून. मला हा दुसरा ठपका कितीतरी जड वाटतो. शिकाऊ वैमानिक, नादुरुस्त रेडिओ आणि मौनाचा हुकूम, या तिन्ही गोष्टी उड्डाणाआधी डेकवरच एकत्र आल्या होत्या. तिथे त्याला थांबवायला इंधन लागणार नव्हतं.