खापर सुनेवर का?

मूल बोलायला, शिकायला मागे राहिले, की आमच्या हिंगोलीकडे बोट सुनेकडे जाते. ती मामाचीच मुलगी असेल, तर नात्यावर खापर. पण श्रोतेहो, अशा एका विकाराचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही. 1943 साली मार्टिन आणि ज्युलिया बेल यांनी इंग्लंडमधल्या एकाच घराण्यातले 11 पुरुष नोंदवले. दोष आयांकडून उतरत होता. 1991 मध्ये त्याचे जनुक सापडले, एफएमआर-1. त्यातली तीन अक्षरे दोनशेहून अधिक वेळा लागोपाठ आली, की ते मुके होते. त्याचे प्रथिन आरएनएला धरून मेंदूतल्या इतर प्रथिनांच्या निर्मितीला आवर घालते. तो आवरच सुटतो. आणि ही वाढीव अक्षरे आईला कधी तिच्या धडधाकट, शहाण्यासुरत्या वडिलांकडूनच आलेली असतात! म्हणून रक्त तपासायचे ते आधी मुलाचे, मग आईचे, मग आजोबांचेही.