घुमटांचें गांव

विज्ञानानें पुढें आणलेलें प्रत्येक नवें साधन समाजांत रुजतेंच असें नाहीं. कांहीं साधनें सदोष म्हणून मागें पडतात. कांहीं मात्र आपलें मुख्य कार्य चोख बजावूनहि मागें पडतात. या दुसऱ्या प्रकाराचें उदाहरण औसा तालुक्यांतील गुबाळ या गांवीं सांपडतें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. या संहाराचें कारण धरणीकंपाइतकेंच घरांच्या रचनेंतहि होतें. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती आणि वर मातीचें जड माळवद ही येथील घरबांधणीची जुनी रीत. उन्हाळ्यांत असें घर थंड राहतें. परंतु धक्क्याचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणांत वाढतो, आणि सुटी झालेली भिंत माळवदासह निजलेल्यांच्या अंगावर येते.

तेव्हां हलकें घर हवें, हा निष्कर्ष उघड होता. तें पाश्चात्त्य जगांत तयारहि होतें. त्रिकोणांच्या जाळीनें साधलेला हलका घुमट प्रथम जर्मनींत येना येथील तारांगणासाठीं १९२० नंतरच्या दशकांत बांधला गेला. पुढें अमेरिकेंत बकमिन्स्टर फुलर यांनीं त्याचा पुरस्कार केला व १९५४ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनांतील त्यांचा प्रचंड घुमट पाहून उद्यांचीं घरें अशींच होणार, असें अनेकांस वाटलें. थोडक्या सामानांत जास्तींत जास्त जागा व्यापणारी दुसरी रचना सांपडणें कठीण. तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर देण्याची फेरोसिमेंटची पद्धति तिला जोडली, कीं घर हलकें आणि बळकट दोन्ही होतें.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनांत गुबाळच्या लोकांसाठीं अशींच घुमटाकार घरें बांधलीं गेलीं. भूकंपापासून रक्षण करण्याच्या दृष्टीनें योजना सयुक्तिक होती. तथापि हा नमुना पुढें पसरला नाहीं. इतर बहुतेक नव्या वसाहतींत चौकोनी घरेंच उभीं राहिलीं. असें कां व्हावें?

घुमट मराठवाड्यास अपरिचित नाहीं. मशिदी व दर्गे येथें जागोजाग आहेत. विजापूरचा गोल घुमटहि फार दूर नाहीं. परंतु त्या वास्तूंचें प्रयोजन एका मोठ्या दालनानें भागतें. शेतकऱ्याचें घर निराळें. त्यास पाहुण्यांकरितां ढाळज हवी, धान्याच्या कणग्यांस जागा हवी, भिंतींत देवळी आणि कोनाडे हवेत. वांकलेल्या भिंतीस ना कपाट टेकत, ना उतरंड. माळवदावर वाळवण घालावें, उन्हाळ्यांत रात्रीं निजावें. घुमटाच्या पाठीवर यांपैकीं कांहींच होत नाहीं. मुलाचें लग्न झालें कीं जुन्या घरास एखादा खण वाढवितां येई. अर्धगोल मात्र जन्मतःच पूर्ण असतो, त्यास वाढ नाहीं. साहजिकच लोकांनीं घुमटांच्या लगत सरळ भिंतींच्या खोल्या जोडल्या.

हा दोष खेडुतांच्या अज्ञानाचा मानणें अन्यायाचें ठरेल. अमेरिकेंतील लॉइड कान यांनीं १९७० व १९७१ मध्यें घुमटघरें बांधण्यावर पुस्तकें काढलीं, आणि थोड्याच वर्षांत, स्वतः तशीं घरें बांधून पाहिल्यावर, त्यांनींच त्या कल्पनेची बाजू सोडली. सांध्यांतून गळणारें पाणी आणि खोल्या पाडण्याची अडचण तेथेंहि भोवली होती.

याच पुनर्वसनांत दुसरा एक मार्गहि चोखाळला गेला. कमी हानि झालेल्या गांवांतून सुमारें दोन लाख घरांच्या दुरुस्तीस व बळकटीस साहाय्य देण्यांत आलें. काम घरमालकानें स्वतः करावयाचें आणि अभियंत्यानें तंत्र सांगावयाचें, अशी ती व्यवस्था होती. तींत नेत्रदीपक असें कांहीं नव्हतें. पण काय बांधावयाचें याचा निर्णय राहणाऱ्याच्या हातीं राहिला. गुबाळच्या घुमटांस भूकंपाचें गणित अचूक कळलें होतें. त्यांत राहणाऱ्या कुटुंबाचें गणित मात्र त्या कुटुंबासच विचारावयास हवें होतें.