कमी मात्रेचा सीटी स्कॅन : फुफ्फुसाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी

वर्षानुवर्षे धूम्रपान केलेल्या, पण कर्करोगाचे एकही लक्षण नसलेल्या व्यक्तींच्या छातीची ठरावीक अंतराने केली जाणारी तपासणी. छातीच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये सुमारे ८ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग शरीराला मिळतो, या तपासणीत सुमारे १.५. शिरेतून औषध द्यावे लागत नाही. श्वास काही सेकंद रोखला की चित्रण पुरे होते. या तपासणीने जीव वाचतात हे सिद्ध झाले आहे. मात्र त्याचे श्रेय एकट्या यंत्राला देता येत नाही. तपासायचे कोणाला आणि दिसलेल्या गाठीचे पुढे काय करायचे, हे ठरवणाऱ्या नियमांवर सारा लाभ अवलंबून आहे.

लवकर निदान म्हणजे हमखास फायदा, ही समजूत इथे पूर्वी फसलेली आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७०च्या दशकात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे एक्स-रे आणि थुंकी वारंवार तपासली. कर्करोग जास्त सापडले, निदानानंतर रुग्ण जास्त काळ जगल्याचेही दिसले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. निदानाची तारीख अलीकडे आली, मृत्यूची जिथल्या तिथे राहिली. म्हणून दोन गटांतील मृत्यूंची तुलना हीच खरी कसोटी. ती अमेरिकेतील ‘नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल’ने लावली. २००२पासून ५५ ते ७४ वयाचे ५३,४५४ जण त्यात घेतले गेले. प्रत्येकाचे धूम्रपान किमान ३० ‘पाकीट-वर्षे’, म्हणजे रोज २० सिगारेटींचे एक पाकीट धरले तर ३० वर्षांचे. निम्म्यांचा तीन वर्षे दरवर्षी सीटी झाला, उरलेल्यांचा एक्स-रे. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सीटी गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होते. सुमारे ३२० जणांच्या तपासणीमागे एक मृत्यू टळला.

सर्वांत वजनदार आक्षेप खोट्या इशाऱ्यांचा आहे. याच चाचणीत संशयास्पद ठरलेल्या अहवालांपैकी ९६.४ टक्के कर्करोगाचे निघाले नाहीत. त्यामागची भीती, पुन्हा पुन्हा होणारे स्कॅन, क्वचित सुईने काढलेला तुकडा, हे सारे निरोगी माणसाच्या वाट्याला येते. पण हा दोष नियम बदलून पुष्कळ कमी करता येतो, हे नेदरलँड्स-बेल्जियममधील ‘नेल्सन’ चाचणीने दाखवले. तिथे गाठीचा व्यास न मोजता घनफळ मोजले. ५ मिलिमीटरची गाठ ६ मिलिमीटरची झाली तर डोळ्याला फरक जाणवत नाही, पण तिचे घनफळ सुमारे पावणेदोन पट झालेले असते. शंका असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचे. वाढ वेगाने होत असेल तरच पुढची पावले. अशा रीतीने केवळ २.१ टक्के तपासण्या संशयास्पद ठरल्या आणि तरीही दहा वर्षांत पुरुषांमधील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २४ टक्क्यांनी घटले.

कधीच त्रास न देणारे कर्करोगही शोधून उगाच उपचार होतात, हा दुसरा आक्षेप. अमेरिकी चाचणीचा पाठपुरावा लांबवल्यावर दोन्ही गटांतील कर्करोगांची संख्या जवळपास सारखीच भरली, त्यामुळे त्याची धार बरीच बोथट झाली. तपासणीपेक्षा धूम्रपान सोडवणे मोलाचे, हे निर्विवाद. परंतु सोडल्यावरही धोका वर्षानुवर्षे मागे राहतो, आणि त्या माणसांना देण्यासारखे हेच आहे.

भारतात हे निकष जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. पाकीट-वर्षांच्या हिशेबात विडी नीट बसत नाही, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली बाई तर त्यात येतच नाही. शिवाय जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण या देशात आहेत. जुन्या क्षयाचे व्रण स्कॅनवर गाठीसारखे दिसतात. त्यामुळे धोका न पाहता कोणालाही ‘हेल्थ चेकअप’च्या पॅकेजमध्ये हा स्कॅन विकणे अयोग्य आहे. जुना व्रण मात्र सहसा वाढत नाही, म्हणून इथे आकारापेक्षा वाढीवर भर देणारी ‘नेल्सन’ची रीत अधिक उपयोगी पडण्याजोगी आहे. तिची परीक्षा इथल्याच विडी ओढणाऱ्यांवर, मृत्यू मोजून, व्हायला हवी.