करंडा, पंखी

करंडा, पंखी : लेथवर कातलेली, झाकणाची लहान लाकडी डबी. हिच्या गोल अंगातून दोन किंवा चार बाजूंना पातळ पंख सुटलेले असतात. पंख वेगळे करून चिकटवलेले नसतात; डबी आणि पंख एकाच ठोकळ्यातून निघतात आणि या कामातली सगळी अवघड बाजू तिथेच आहे. लेथचा स्वभाव गोल करण्याचा. चौकोनी ठोकळा लावून कातू लागले की सर्वांत आधी त्याचे कोपरे उडतात. पंखी करंड्यात नेमके तेच कोपरे राखायचे असतात. मधला भाग गोल होतो आणि कोपरे पातळ होत होत पक्ष्याच्या पसरलेल्या पंखांसारखे बाहेर राहतात. वस्तू शोभेची. आत फार तर एखादी अंगठी, कुड्यांचा जोड किंवा चिमूटभर कुंकू मावते.

लेथवरच्या लाकूडकामाला मराठीत ‘कातणे’ हा जुना शब्द आहे आणि ते करणारा तो कातारी. सूत आणि लाकूड, दोन्हींना एकच क्रियापद. रेखीव चेहऱ्याला आपण ‘कातीव’ म्हणतो तेही याच कुळातले. उर्दूतून आलेला ‘खराद’ हा शब्दही चालतो. कारखान्यात मात्र लेथ, चक, टर्नर आणि ‘जॉब बांधणे’ हीच भाषा असते. या नोंदीत दोन्हीकडचे शब्द वापरले आहेत, कारण काम करणाऱ्याच्या तोंडी ते असेच मिसळून येतात.

करंडा हा शब्द संस्कृत ‘करंड’वरून आला. करंड म्हणजे झाकणाची टोपली किंवा डबी. मूर्तिशास्त्रातला ‘करंडमुकुट’ एकावर एक ठेवलेल्या अशाच निमुळत्या डब्यांसारखा दिसतो. मराठी घरात करंडा म्हटला की कुंकवाचा, आणि ‘फणीकरंडा’ हा जोडशब्द बाईच्या रोजच्या साजशृंगाराचा. पूर्वी कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकत. म्हणून चांगल्या करंड्यात मेणाचा एक कप्पा आणि कुंकवाचा एक कप्पा असे. हळदीकुंकवाच्या धातूच्या डब्यांमध्ये कोयरी प्रसिद्ध आहे. ती आंब्याच्या आकाराची, पुष्कळदा मोराचे रूप घेतलेली असते. म्हणजे कुंकवाच्या डबीला पाखराचे अंग देण्याची हौस आपल्याकडे आधीपासून आहे. पितळेत ती ओतकामाने भागते, लाकडात तिला लेथची वाट धरावी लागते. जुन्या घरगुती वस्तूंच्या कलाकुसरीची ओढ असलेल्याने पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, करंडे अशा वापरातल्या वस्तूंनाच संग्रहाचा मान दिला.

ही नोंद जालना जिल्ह्याच्या अंगाने लिहिली आहे; त्या जिल्ह्याचा या विषयाशी सर्वांत जुना धागा लागतो तो भोकरदनला. केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथील दानकर्त्यांची नावे सांची आणि भारहुतच्या शिलालेखांत आहेत. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिची घडण इतकी जुळते की अभ्यासक दोन्हींचा विचार एकत्रच करतात. पाँपेईच्या मूर्तीत मुख्य स्त्रीच्या दोन्ही बाजूंना दोन लहान दासी उभ्या आहेत आणि त्यांच्या हातांत प्रसाधनाच्या डब्या आहेत. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या मूर्तीतली डबी आणि आपल्या घरातला करंडा यांचे काम एकच. तिकडे ठाणे-पालघरच्या किनाऱ्यावर, सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना दगडाची मोठी गोल झाकणदार पेटी मिळाली. तिच्यात तांब्याची, तिच्यात चांदीची, मग दगडाची, स्फटिकाची आणि शेवटी सोन्याची अशा एकात एक बसणाऱ्या डब्या होत्या. झाकण डबीवर नेमके बसवण्याचे कसब या भूमीत किती मुरलेले होते, ते एवढ्यावरूनही कळते.

लेथचे सर्वांत जुने चित्र इजिप्तमध्ये, पेटोसिरिसच्या थडग्यात आहे, इ. स. पू. ३०० च्या सुमाराचे. त्यात एक माणूस दोरी ओढून जॉब (कातायचा तुकडा) फिरवतो आणि दुसरा हत्यार धरतो. भारतातला पारंपरिक कातारीही याच जातीच्या लेथवर काम करी. दोरी किंवा धनुकलीने जॉब एकदा इकडे, एकदा तिकडे फिरे. कातारी जमिनीवर बसून हत्याराला पायाच्या बोटांचा आधार देई आणि जॉब आपल्याकडे फिरत असतानाच कापी. पाळण्याचे रंगीत गज, पलंगाचे पाय, लाटणी, रव्या, भोवरे हे सगळे कातकामच. एका दिशेने सतत फिरणारा विजेचा लेथ आल्यावर काम वेगवान झाले. पंखी करंड्यासारखी वस्तू खऱ्या अर्थाने त्याच्यावरच जमते, कारण तिला वेगही लागतो आणि त्या वेगात स्थिर राहणारा जॉबही. आज लाकडी कातकाम हा जगभर छंद म्हणून रुजला आहे आणि पंखी डबी ही या छंदातली एक ठरलेली कसोटी आहे. अमेरिकेत या कारागिरांची संघटना १९८६ मध्ये स्थापन झाली.

कृती : उदाहरणादाखल १६० × ८० × ६० मिलिमीटरचा, वाळलेला, गाठ नसलेला ठोकळा घ्यावा. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने धावाव्यात, म्हणजे त्या पंखांच्या टोकापर्यंत सलग पोचतात. रेषा आडव्या गेल्या तर पंख पहिल्याच कटाला मोडतो. कोपऱ्यांतून कर्ण आखून मध्य काढावा. ठोकळ्याचा कर्ण सुमारे १७९ मिलिमीटर भरतो, तेव्हा लेथवर त्याहून अधिक जागा हवी. ठोकळा आधी मध्यावर स्क्रूने बांधून खालची बाजू कातावी आणि तिथेच चकमध्ये पकडण्यासाठी छोटी खुंटी ठेवावी. मग जॉब उलटा बांधून वरची बाजू घ्यावी, आणि शेवटी पोकळी.

पंखाचा आकार कसा घडतो, हे समजून घेतले की पुढचे सोपे जाते. पंखाची वरची आणि खालची बाजू लेथ ठरवतो, कडा मात्र करवत ठरवते. लेथवर फिरणारा प्रत्येक पृष्ठभाग हा वाटीचा, थाळीचा किंवा छत्रीचा तुकडा असतो. कट मध्यापासून बाहेर वर चढत नेला तर पंखांची टोके उचलली जातात आणि डबी उडण्याच्या बेतात दिसते. खाली उतरवला तर पंख मिटल्यासारखे झुकतात. ठोकळ्याच्या लांब बाजू आधीच करवतीने आत कमानदार कापल्या, तर कंबर बारीक होऊन पंख अधिक पाखरासारखे होतात. चांगल्या करंड्यात पंख मुळाशी जाड आणि टोकाशी ३ मिलिमीटरपर्यंत उतरलेला असतो. सगळीकडे सारखा जाड पंख फळीसारखा दिसतो.

मोटर सुरू झाली की पंख दिसेनासे होतात. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगाने टोके ताशी सुमारे २७ किलोमीटरने धावत असतात. मधली डबी घट्ट, ठसठशीत दिसते आणि तिच्याभोवती फिकट सावलीचे एक चक्र तेवढे उरते. मागे काळे कापड टांगले की ते जरा उठून दिसते. या सावलीतच हत्यार घालायचे असते. दोन टोकांमुळे धार सेकंदाला सुमारे २७ वेळा लाकडाला भिडते आणि तितक्याच वेळा हवेत सुटते. नवखा माणूस हवेतल्या क्षणी हत्यार पुढे रेटतो आणि लगेच येणारा पंख त्यावर आदळतो. म्हणून हत्याराचा भार जॉबवर टाकायचा नाही, तो टेकावर (टूल रेस्टवर) ठेवायचा आणि पातळशी ढलपी काढत हळू सरकायचे. कानाने काम ओळखता येते. सुरुवातीची खडखड हळूहळू सारख्या फर्रफर्रीत बदलली की धार बरोबर चालली आहे, आणि मधूनच आवाज जड झाला की थांबून धार लावावी. बोटे टेकाच्या अलीकडेच ठेवावीत. सावलीत गेलेले बोट पंखाला चुकवू शकत नाही.

पंख टोकाकडून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने कातावा. टोकाचा एक भाग पूर्ण करून मगच आत सरकावे. आतला भाग आधी पातळ केला तर टोके थरथरू लागतात आणि पुन्हा तिथे जाता येत नाही. हत्यार लाकडातून बाहेर पडते ती कड फुटण्याचे भय सर्वांत मोठे. त्यावर उपाय म्हणजे ठोकळ्याच्या बाजूंना टाकाऊ लाकडाच्या पट्ट्या चिकटवून घेणे आणि काम झाल्यावर त्या कापून टाकणे. कड फुटायची ती पट्टीची फुटते. पंखांना पॉलिश पेपर कधीही फिरत्या लेथवर लावू नये; मशीन बंद करून हातानेच घासावे.

झाकण वेगळ्या तुकड्यातून, पण शक्यतो त्याच लाकडातून आणि रेषांची दिशा तीच ठेवून. याला कारण आहे. लाकूड सर्व बाजूंनी सारखे आटत नाही. ओल्या सागाचे लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आटते, तर त्याला काटकोनात सुमारे २.५ टक्के. लांबीत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे आज गोल कातलेले तोंड काही महिन्यांनी किंचित लंबगोल होणार. जालन्यासारख्या ठिकाणी, जिथे मे महिन्याची हवा कोरडी ठणठणीत आणि श्रावणातली दमट, उन्हाळ्यात घट्ट बसवलेले झाकण पावसात अडकून बसते. जाणकार कारागीर डबी एकदाच कातून मोकळा होत नाही. तो ती आधी जाडसर पोकळ करतो, काही आठवडे सावलीत ठेवतो, लाकडाला हवे तसे वाकू देतो आणि मग अखेरचा कट घेतो. झाकणाचा कंगोरा खाचेत उतरताना आतली हवा दबून हलका ‘फुस्स’ आवाज व्हावा आणि उचलताना डबी क्षणभर मागे ओढली जावी. हा बसवा साधला नाही, तर पंख कितीही देखणे असोत, तो करंडा नव्हे. झाकणावर कळसासारखा शेंडा काढतात. तो पंखांशी स्पर्धा करणारा नसावा, बारीक आणि आखूड असावा.

लाकूड : साग कातायला नरम, पण त्यातली बारीक वाळू धार लवकर मारते. बाभूळ कठीण आणि जड. हळदू बारीक पोताचा, पिवळसर, कातकामाला उत्तम. जालना जिल्ह्यात जंगल थोडे असले तरी एक लाकूड इथल्या मातीचे म्हणून सांगता येते, ते मोसंबीचे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१२–१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारखी जपलेली ती झाडे तोडून सरपणाला लावली. मोसंबीचे लाकूड फिकट पिवळे, कठीण आणि अतिशय बारीक पोताचे असते. खोड फार जाड होत नाही, पण करंड्याला तेवढे पुरते. ते चुलीत जाते, याची हळहळ वाटते. वाळताना हे लाकूड चटकन तडकते. म्हणून तोडल्याबरोबर ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना मेण लावून सावलीत रचावे आणि कलमाच्या जोडाजवळचा, रेषा पिळलेला भाग वगळावा.

रंग आणि झिलई : महाराष्ट्रात कातीव लाकडाला रंग देण्याची परंपरा सावंतवाडीची. तिथल्या चितारआळीतली लाकडी फळे आणि खेळणी मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. हलक्या पांगाऱ्याचा वापर तिथे मोठा होता. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकामाला पुन्हा उभे केले. लाखकामाची रीत अशी : रंगीत लाखेची कांडी फिरत्या जॉबवर दाबायची, घर्षणाने ती वितळून लाकडावर पसरते, आणि वरून केवड्याचे पान दाबून धरले की आरशासारखी चमक येते. पंखी करंड्यात ही रीत फक्त गोल अंगाला आणि झाकणाला लागू पडते. पंखाला ती चालत नाही. सलग पृष्ठभाग नसल्याने कांडी तापत नाही, तुटते. पंखांना जवसाचे तेल किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा कापडाने लावावा.

जालन्यात आजची स्थिती : १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्यात लेथ म्हणजे लोखंड. सळया बनवणाऱ्या गिरण्यांतल्या रोलांवर खाचा पाडण्याचे काम लेथवरच होते, आणि आयटीआयमधला टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हे इथे लेथ चालवणाऱ्या हातांचे शिक्षण. लोखंडाच्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये जखडलेले असते आणि चाक फिरवून पुढे सरकते. लाकडाच्या लेथवर ते हातात असते. म्हणून मापाला सरावलेला टर्नर झाकणाचा बसवा पहिल्याच दिवशी साधतो, पण पंखाची चढण त्याला नव्याने शिकावी लागते. लोखंडाच्या लेथवर लाकूड कातायचेच असेल तर बेड कापडाने झाकावा. भुसा तेलात मिसळून तिथे चिकट लगदा होतो.

कुंकू ठेवायचे असल्यास डबीच्या आतूनही चपड्याचे दोन हात द्यावेत. उघड्या लाकडाच्या छिद्रांत कुंकवाचा लाल रंग शिरला की तो पुढे घासूनही निघत नाही.