मुलग्यांचे घरगुती शिवण: सरळ कापापासून कागदी नमुन्यापर्यंत

प्रस्तावना

शिवणयंत्राचा इतिहास तंत्रज्ञानाच्या बहुतेक पुस्तकांत आढळतो. एलियास हौ, आयझॅक सिंगर, पेटंटचे खटले, हप्त्यांवरील विक्री हे टप्पे विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असतात. पण त्या यंत्रावर घरोघरी काय शिवले जात होते आणि त्यासाठी लागणारे ज्ञान घरात कोठून आले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या पाठात आपण तो एका छोट्या क्षेत्रापुरता विचारणार आहोत: लहान मुलग्यांचे असे कपडे, जे आईने घरी शिवले पण पाहणाऱ्याला शिंप्याच्या दुकानातले वाटले. काळ मुख्यतः एकोणिसाव्या शतकाचा आणि प्रदेश इंग्लंड व अमेरिका आहे. शेवटी आपण भारताकडे वळू.

पाठातील मुख्य विधान असे: घरगुती कपड्याला शिंप्याच्या कामाची ऐट आली ती केवळ यंत्रामुळे नव्हे. शिंप्याच्या हातात असलेला वळणदार काप कागदावर उतरला, म्हणून ती आली. आणि हा बदल मुलग्यांच्या कपड्यांत फार लवकर घडला.

1. सरळ काप आणि वळणदार काप

अठराव्या शतकातील युरोपीय पुरुषाचा सदरा उसवून जमिनीवर पसरला, तर जवळजवळ सगळे तुकडे आयताकृती किंवा चौकोनी दिसतील. अंगाचा लांब पट्टा, बाह्यांचे दोन आयत, गळपट्टी, आणि हात मोकळा वर जावा म्हणून काखेत बसवलेला छोटा चौकोनी तुकडा. यामागे दोन कारणे होती. हातमागाचे कापड महाग असे आणि आयत कापले की चिंध्या जवळपास उरत नाहीत. शिवाय आयत बेतायला आकृती लागत नाही. कापडाची घडी घालून, वीत-बोटांनी मोजून काम भागते. आपल्याकडचे झबले किंवा जुन्या पद्धतीचा कुडता यांतही हाच विचार दिसतो.

त्यामुळे कामाची एक वाटणी झाली होती. सदरे, आतले कपडे, तान्ह्या बाळाचे कपडे घरातल्या बायका शिवत. कोट आणि विजार मात्र शिंप्याकडे जात, कारण त्यांत वळणे असतात. बाही जोडायची मुंढ्याची गोलाई, पाठीचा उतार आणि विजारीच्या आसनाचा वाक ही तीन वळणे चुकली, तर कपडा अंगावर ओढतो किंवा फुगतो. कापलेले कापड जोडता येते, पण पूर्ववत करता येत नाही. म्हणून वळण कापणे हे जोखमीचे काम होते आणि त्याचे ज्ञान धंद्यात, उस्तादाकडून शिकाऊ मुलाकडे, जात असे.

ही वाटणी मुलग्याच्या बाबतीत घराला विशेष जाचत असे. इंग्लंड-अमेरिकेत मुलगे साधारण चार ते सात वर्षांचे होईपर्यंत मुलींसारखेच झगे घालत. ते झगे आईच शिवे. मुलाला पहिली विजार चढवण्याचा दिवस कुटुंबात कौतुकाचा असे, पण त्या दिवसापासून शिंप्याचा खर्चही सुरू होई. मुलगा झपाट्याने वाढतो, गुडघे फाडतो. वर्षभरात आखूड होणाऱ्या कपड्यासाठी शिंप्याची मजुरी सामान्य घराला परवडणारी नव्हती.

2. मुलग्यांसाठी वेगळा पोशाख

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांना मोकळे कपडे घालावेत असा विचार युरोपात बळावला. रूसोच्या ‘एमील’ या 1762 मधील ग्रंथात त्याचा पुरस्कार आहे. 1780 नंतर सुस्थितीतील घरांत मुलग्यांसाठी असा पोशाख आला, ज्यात लांब विजार आखूड जाकिटाला कमरेच्या वर बटणांनी अडकवलेली असे. यातली युक्ती साधी आहे. लहान मुलाला कंबर अशी नसतेच. पोट पुढे असते आणि विजार घसरते. ती वरच्या कपड्याला अडकवली की भार खांद्यावर जातो. लहान मुलांच्या कपड्यांतील ही बटणजोड विसाव्या शतकातही टिकून होती.

दुसरा टप्पा 1846 चा. राणी व्हिक्टोरियाच्या चार वर्षांच्या थोरल्या मुलासाठी राजघराण्याच्या ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट’ या जहाजावरील शिंप्याने नाविकाचा छोटा पोशाख शिवला. त्या वेषातील राजपुत्राचे चित्र फ्रान्झ विंटरहाल्टर या चित्रकाराने काढले. तो पोशाख आजही ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा वेष युरोप-अमेरिकेतील मुलग्यांचा नेहमीचा पोशाख झाला.

राजपुत्राचे अनुकरण हे त्याचे एक कारण. पण शिवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर आणखी कारणे दिसतात. नाविकाचा सदरा सैल असतो, त्यामुळे माप अर्धा-एक इंच चुकले तरी खपते. पाठीवर पडणारी चौकोनी गळपट्टी गळ्याजवळचे शिवण झाकते. कापड धुण्याजोगे असते. ऐट आणायला निळ्या पट्टीवर पांढऱ्या फितीच्या दोन-तीन ओळी पुरतात. म्हणजे दिसायला रुबाबदार आणि शिवायला क्षमाशील असा हा कपडा होता. घरगुती शिवणात टिकणाऱ्या फॅशनमध्ये हे दोन गुण बहुधा एकत्र आढळतात.

3. यंत्राने काय दिले

हौ यांना 1846 मध्ये आणि सिंगर यांना 1851 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. 1856 मध्ये प्रमुख उत्पादकांनी आपली पेटंटे एकत्र केली आणि त्याच सुमारास सिंगर कंपनीने हप्त्यांवर यंत्रे विकायला सुरुवात केली. व्हीलर अँड विल्सन या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला सुमारे साडेचौदा तास लागत, तर यंत्रावर सुमारे सव्वा तास. आकडे विक्रेत्याचे आहेत हे लक्षात ठेवावे. तरी फरकाची दिशा स्पष्ट आहे.

यंत्राने टीप मारण्याचा वेळ वाचवला. पण मुंढ्याची गोलाई कशी काढायची हे यंत्र सांगत नव्हते. वेगवान यंत्र आणि चुकीचा काप एकत्र आले, तर बिघडलेला कपडा लवकर तयार होतो, इतकेच.

4. बटरिक यांचा कागद

ही उणीव मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग गावचे शिंपी एबेनेझर बटरिक यांनी 1863 मध्ये भरून काढली. पत्नी एलेन बाळासाठी कपडा बेतत असताना मापानुसार तयार नमुने मिळाले तर किती सोपे होईल असे म्हणाली, आणि त्यातून कल्पना सुचली, अशी कथा कंपनीच्या परंपरेत सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली तरी वस्तुस्थिती उरते: बटरिक यांचे सुरुवातीचे नमुने पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या कपड्यांचे होते, स्त्रियांच्या कपड्यांचे नमुने 1866 पासून आले. मुलग्यांसाठीचा ‘गॅरिबाल्डी’ पोशाख विशेष लोकप्रिय झाला. 1860 मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या लाल सदऱ्यातील सैनिकांचे नाव तेव्हा सर्वत्र गाजत होते. पुढच्याच वर्षी, 1864 मध्ये, बटरिक यांनी न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय थाटला.

छापील किंवा कापलेले नमुने त्यापूर्वीही होते. एलेन डेमोरेस्ट यांचे स्त्रियांच्या कपड्यांचे नमुने 1860 पासून प्रसिद्ध होते, पण ते एकाच मापाचे असत; आपल्या अंगाप्रमाणे लहान-मोठे करण्याचे काम ग्राहकावर पडे. बटरिक यांचे वेगळेपण हे की, एकच पोशाख अनेक मापांत मिळू लागला. सुरुवातीला जाड कागद आणि नंतर पातळ झिरझिरीत कागद वापरला गेला, म्हणजे घडी करून टपालाने पाठवता येई. त्यावर छपाई नसे. कोणता तुकडा कोठे जुळवायचा हे छिद्रे आणि खाचा यांवरून ओळखावे लागे.

5. माप वाढवण्याचे गणित

अभियांत्रिकी आरेखन शिकणाऱ्यांना वाटेल की यात विशेष काय. मोठी आकृती प्रमाणात लहान केली की झाले. तसे होत नाही. नवजात बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे 1/4 असते, सहा वर्षांच्या मुलाचे सुमारे 1/6 आणि प्रौढाचे सुमारे 1/7 ते 1/8. वडिलांचा सदरा सर्व बाजूंनी सारखा आखडला, तर मुलाचे डोके गळ्यातून जाणार नाही. म्हणून नमुन्याची प्रत्येक रेषा वेगळ्या दराने वाढवावी लागते: उंची भराभर, छाती त्याहून कमी, गळा अगदी थोडा. हेच ‘ग्रेडिंग’. एका आकृतीवरून अनेक आकृत्या काढण्याचा हा नियमबद्ध मार्ग आहे आणि त्याचा आधार म्हणजे मापांच्या सारण्या.

मुलग्यांचे कपडे यात आघाडीवर का असावेत? तेव्हाच्या स्त्रियांचा पोशाख अंगाला घट्ट बसे आणि प्रत्येकीची ठेवण वेगळी असे. मुलग्याचा पोशाख सैल असे, आणि वयानुसार छातीचे माप बऱ्यापैकी ठरलेले असे. त्याच्यासाठी चार-पाच मापांत बरेच ग्राहक सामावत. प्रमाणीकरण जेथे सर्वांत सोपे, तेथे ते आधी आले.

पण तीच सारणी दुसऱ्या हातातही गेली. अमेरिकी यादवी युद्धात (1861–65) सैन्याला लाखो गणवेश लागले. त्यासाठी ठरलेल्या मापांचा लाभ पुढे पुरुषांच्या तयार कपड्यांच्या धंद्याला झाला आणि मुलग्यांचे कपडेही तयार मिळू लागले. ज्या ज्ञानाने आईला शिंप्यापासून सोडवले, त्याच ज्ञानाने पुढे कारखान्याला तिची जागा घेऊ दिली.

6. घालणाऱ्याचे मत

या इतिहासात शिवणारी आणि विकणारा बोलतात. घालणारा मुलगा सहसा गप्प असतो. एक अपवाद उद्बोधक आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ ही कादंबरी 1886 मध्ये पुस्तकरूपाने आली. रेजिनाल्ड बर्च यांच्या चित्रांतील नायक मखमली सूट, लेसची रुंद गळपट्टी आणि कुरळे केस अशा वेषात होता. लेखिका आपल्या दोन मुलांसाठी असे सूट स्वतः शिवत असे. कादंबरी गाजली आणि असंख्य आयांनी आपल्या मुलांना तसेच सजवले. नायकासाठी जिच्यावरून प्रेरणा घेतली तो धाकटा मुलगा व्हिव्हियन या ओळखीला आयुष्यभर कंटाळला. 1937 मध्ये उलटलेल्या नावेतील माणसांना वाचवताना त्याचा मृत्यू झाला, तेव्हाही वृत्तपत्रांनी त्याची ओळख मूळ फॉन्टलरॉय म्हणूनच दिली.

येथे एक सामाजिक तथ्य दिसते. घरी शिवलेला देखणा कपडा ही आईच्या कौशल्याची जाहिरात असते. ती अंगावर मिरवायची असते मात्र मुलाने, मित्रांसमोर.

7. टंचाईचा काळ

ब्रिटनमध्ये 1 जून 1941 रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी प्रौढांना 66 कूपने मिळाली. ते 1949 पर्यंत चालले. सरकारने 1943 मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढून जुने कपडे दुरुस्त करण्याच्या व बदलण्याच्या सूचना दिल्या. वडिलांच्या विजारीचे झिजलेले भाग टाळून मुलाची अर्धी चड्डी बेतणे हे त्या काळातले ओळखीचे काम झाले. जे काम कालपर्यंत ‘घरचे किरकोळ’ होते, ते युद्धात राष्ट्रीय कर्तव्य ठरले. काम तेच होते. सरकारला त्याची गरज पडल्यावर त्याचे मोल बदलले.

8. भारतातील वाट

भारतात सिंगरची यंत्रे एकोणिसाव्या शतकातच आली. कोलकात्यात ‘उषा’ यंत्राचे उत्पादन 1930 च्या दशकात सुरू झाले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी 1924 मधील एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, कारण ते बाईचे कष्ट कमी करते असे त्यांना वाटे. पुण्यात 1909 मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवणकाम शिकवले.

आपल्याकडे मात्र पाकिटातील तयार नमुन्यापेक्षा सूत्रावरून रेखाटण्याची पद्धत अधिक रुजली. शिवणवर्गात आजही तपकिरी कागदावर मुलाचा सदरा काढताना छातीचे माप आधाराला घेतात. छाती 24 इंच असेल, तर एका चतुर्थांशाचे 6 इंच आणि वर सैलपणा. गळ्याच्या रुंदीसाठी बारावा भाग, म्हणजे 2 इंच. वही घेऊन बसलेली बाई येथे गुणोत्तरे सोडवत असते, जरी तिच्या अभ्यासक्रमाला कोणी गणिताचा अभ्यासक्रम म्हणत नसले तरी.

मराठीत शिवणाच्या आत सोडलेल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणतात. ‘वाढत्या अंगाचा’ कपडा शिवताना ती जास्त ठेवतात, खाली दुमड मोठी घेतात आणि वर्षभराने उसवून लांबी वाढवतात. हा भविष्यातील वाढीचा अंदाज घेऊन केलेला आराखडाच आहे. तयार कपड्यात ही माया सहसा कमी असते.

सारांश

मुलग्यांच्या घरगुती शिवणाचा इतिहास तीन गोष्टी दाखवतो. एक, यंत्राइतकेच आकृतीचे ज्ञान महत्त्वाचे असते आणि ते कागदावर उतरले की धंद्याच्या भिंती ओलांडते. दोन, प्रमाणीकरण कोणाच्या बाजूचे नसते. त्याने घर आणि कारखाना दोघांनाही बळ दिले. तीन, बायकांच्या हातातील तांत्रिक ज्ञान ‘आवड’ किंवा ‘काटकसर’ या नावाखाली नोंदले गेले, म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासात ते दिसत नाही. ते शोधायचे तर यंत्राच्या पेटंटबरोबरच उसवलेला सदराही पुरावा म्हणून वाचावा लागेल.

विचारासाठी प्रश्न

1. सरळ काप व वळणदार काप यांतील फरकाचा कामाच्या वाटणीशी संबंध स्पष्ट करा.
2. नाविक पोशाख घरगुती शिवणाला सोयीचा का होता?
3. ‘ग्रेडिंग’ म्हणजे केवळ आकृती लहान-मोठी करणे नव्हे. उदाहरणासह चर्चा करा.
4. आपल्या घरातील किंवा शेजारातील शिवणकाम जाणणाऱ्या व्यक्तीकडून मुलाचा सदरा बेतण्याची पद्धत समजून घ्या. तिच्या भाषेतील शिवणाचे शब्द टिपून ठेवा आणि त्या पद्धतीतील गुणोत्तरे लिहा.