पंख्याची घरघर

२००५ चा जालन्यातला उन्हाळा. वडील पोलाद कारखान्यातली रात्रपाळी करून दिवसा झोपत आणि त्याच खोलीत माझा संगणक घरघरे. १९९३ साली पेंटियम येण्याआधी बहुतेक घरगुती संगणकांच्या प्रोसेसरला पंखा लागतच नसे. २००४ पर्यंत काही पेंटियम फोर १०० वॅटच्या पुढे गेले. २००६ च्या कोअर टू ड्युओने ती उष्णता ६५ वर आणली. पण तोवर वडिलांची झोप थांबणार कशी?

खोके उघडले तर जाळीत धुळीचा थर! ब्रशने तो काढला, वाळलेली पेस्ट बदलली, मागचा पत्रा कापून ८० ऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा बसवला. मोठे पाते कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ओढते.

संध्याकाळी वडिलांनी विचारले, "आज लाइट नव्हती का रे?"